पोलादाचा पैसा, गावाचा क्लब

खैतान हा कुवेतच्या फरवानिया प्रांतातला, विमानतळाजवळचा दाट वस्तीचा भाग. कोकण, गोवा, केरळ, आंध्र इथून आलेल्या कामगारांचा इथे वर्षानुवर्षांचा राबता. कुवेतमध्ये आज सुमारे १० लाख भारतीय राहतात आणि त्यांतल्या पुष्कळांचे पहिले बिऱ्हाड अशाच एखाद्या वस्तीतल्या भागीच्या खोलीत पडलेले असते. या वस्तीच्या नावाचा एक फुटबॉल क्लबही आहे : खैतान स्पोर्टिंग क्लब, स्थापना १९६५. अल-अरबी, कादसिया आणि कुवेत स्पोर्टिंग क्लब या तीन बड्या संघांनी देशातली बहुतेक विजेतेपदे आपसात वाटून घेतली आहेत. खैतानच्या वाट्याला कधी वरच्या श्रेणीत चढणे आणि कधी खाली येणे, एवढेच आले.

मात्र या क्लबची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो विकत घेता येत नाही. कुवेतमधले क्लब सभासदांचे असतात. सभासदांची सर्वसाधारण सभा संचालक मंडळ निवडून देते आणि खर्चाचा मोठा भार सरकारी अनुदानावर चालतो. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल : गट-तट, घराणी, मतांची जुळवाजुळव आणि वरून सरकारचे लक्ष. कुवेतच्या श्रीमंत व्यापाऱ्याला फुटबॉलची कितीही हौस असली तरी तो फार तर क्लबचा अध्यक्ष होऊ शकतो, मालक नाही.

या व्यवस्थेने कुवेतला एके काळी मोठे दिवस दाखवले. १९८० मध्ये घरच्या मैदानावर दक्षिण कोरियाला ३-० असे हरवून कुवेत आशियाई चषक जिंकणारा पहिला अरब देश ठरला. १९८२ मध्ये संघ स्पेनच्या विश्वचषकात उतरला. त्या स्पर्धेत फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात कुवेत फुटबॉल संघटनेचे प्रमुख आणि राजघराण्यातले शेख फहाद अल-अहमद प्रेक्षकांतून थेट मैदानावर उतरले. प्रेक्षकांतून आलेल्या शिट्टीमुळे आपले खेळाडू थांबले, असा त्यांचा आक्षेप होता. पंचांनी फ्रान्सला दिलेला गोल रद्द झाला. फ्रान्सने सामना ४-१ असा जिंकलाच, पण कुवेतमध्ये फुटबॉल कोणाच्या शब्दावर चालतो हे साऱ्या जगाने त्या दिवशी पाहिले. पुढे २०१५ च्या ऑक्टोबरात खेळात सरकारी हस्तक्षेप होतो म्हणून फिफाने कुवेतला निलंबित केले आणि ती बंदी उठायला २०१७ चा डिसेंबर उजाडला.

मालकच व्हायचे असेल तर कुवेतच्या माणसाला समुद्र ओलांडावा लागतो. फवाझ अल-हसावी यांनी तेच केले. फ्रीज, कूलर, वातानुकूलन यंत्रे यांच्या व्यवसायातले हे घराणे. फवाझ यांनी कादसिया क्लबचे अध्यक्षपद सांभाळले होते. जुलै २०१२ मध्ये या कुटुंबाने इंग्लंडमधला नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा नामवंत क्लब घेतला. ब्रायन क्लफ यांच्या हाताखाली १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकलेला हा क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये अडकलेला होता.

त्याच मोसमात, त्याच श्रेणीत, पहिल्या श्रेणीतून नुकताच घसरलेला आणखी एक जुना क्लब येऊन दाखल झाला : ब्लॅकबर्न रोव्हर्स. त्याची मालकी होती पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या एका कंपनीकडे. एक क्लब कुवेतचा, दुसरा पुण्याचा. पुढची पाच वर्षे दोघे एकाच श्रेणीत एकमेकांच्या आगेमागे धडपडत राहिले. त्या धडपडीचा अर्थ लावायचा तर त्याआधीच्या एका माणसाची ओळख करून घ्यावी लागते. शून्यातून धंदा उभा करणारा आणि त्या धंद्याच्या पैशावर आपल्या गावचा क्लब उभा करणारा माणूस कसा असतो, याचे जॅक वॉकर यांच्याइतके ठसठशीत उदाहरण इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सापडणे कठीण आहे.

ब्लॅकबर्न हे उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणगाव. भारताशी त्याचा संबंध जुना आणि कडवट. इथल्या मागांवर खास भारतीय बाजारासाठी धोतरे विणली जात. स्वदेशीची चळवळ, बहिष्कार आणि जागतिक मंदी यांमुळे या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये मुद्दाम या भागात आले, ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये राहिले आणि बेकार गिरणी कामगारांना भेटले. त्या वेळी ब्लॅकबर्नमध्ये दोन वर्षांचा एक मुलगा वाढत होता. १९ मे १९२९ चा जन्म, नाव जॅक वॉकर.

वडील चार्ल्स हे पत्र्याचे काम करणारे कारागीर. जॅक यांनी तेराव्या वर्षी शाळा सोडली. दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी चार्ल्स यांनी अवघ्या ८० पौंडांच्या भांडवलावर पत्राकामाचा छोटा कारखाना काढला. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कारखाना जॅक आणि त्यांचे भाऊ फ्रेड यांच्या हाती आला. या भावांनी काय ओळखले? पोलाद बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना मोठ्याच मागण्या हव्या असतात. लहान वर्कशॉपवाल्याला मात्र चार पत्रे हवे असतात, ठरावीक मापात आणि लगेच. या दोघांच्या मधल्या जागेत वॉकर बंधूंनी आपला धंदा बसवला. पोलाद घाऊक घ्यायचे, साठवायचे, गिऱ्हाईक सांगेल त्या मापात कापायचे आणि झटपट पोहोचवायचे. कंपनीचे नाव पुढे वॉकरस्टील झाले आणि ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी पोलाद साठवणूकदार कंपनी बनली.

१९९० च्या सुमारास ब्रिटिश स्टीलने वॉकरस्टील ३३ कोटी पौंडांना विकत घेतली. वॉकर त्याआधीच करसवलतींसाठी जर्सी बेटावर राहायला गेले होते आणि तिथे त्यांनी जर्सी युरोपियन ही विमान कंपनीही घेतली होती. तीच पुढे फ्लायबी म्हणून ओळखली गेली. म्हणजे साठी ओलांडलेला, बेटावर राहणारा, अमाप पैसा हाताशी असलेला हा माणूस. त्याने उरलेले आयुष्य बोटीवर बसून काढले असते तरी कोणी नाव ठेवले नसते.

पण वॉकर यांचे मन गावात, ईवुड पार्क या मैदानात अडकलेले होते. लहानपणापासून ते रोव्हर्सचे पाठीराखे. १८७५ मध्ये स्थापन झालेला आणि १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या पहिल्या बारा क्लबांपैकी असलेला हा क्लब दीर्घ काळ खालच्या श्रेणींत रुतला होता. शेवटचे लीग विजेतेपद १९१४ सालचे, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचे. ऐंशीच्या दशकात मैदानाची एक बाजू नव्याने बांधायची वेळ आली तेव्हा वॉकर यांच्या कंपनीने बांधकामाचे साहित्य पुरवले आणि त्या स्टँडला वॉकरस्टीलचे नाव पडले. मोठा डाव त्यांनी टाकला तो जानेवारी १९९१ मध्ये, क्लबची सूत्रे हाती घेऊन. त्या मोसमात संघ दुसऱ्या श्रेणीत १९ व्या क्रमांकावर राहिला होता.

ऑक्टोबर १९९१ मध्ये वॉकर यांनी केनी डाल्ग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणले. लिव्हरपूलला लीग जिंकून देणारा, त्या काळातला सर्वांत मोठ्या नावांपैकी एक असलेला माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या गिरणगावच्या संघाकडे येतो, हे लोकांना खरे वाटेना. मे १९९२ मध्ये वेंब्लीवर लेस्टरला १-० असे हरवून ब्लॅकबर्न वरच्या श्रेणीत गेला, तोही नेमका प्रीमियर लीग सुरू होत असताना. त्या उन्हाळ्यात साउदॅम्प्टनचा गोल करण्यात पटाईत असलेला तरुण आघाडीपटू अ‍ॅलन शिअरर ३० लाखांहून अधिक पौंड मोजून आणला गेला. मँचेस्टर युनायटेडही त्याच्या मागे होता. पुढे गोलरक्षक टिम फ्लॉवर्स आला, १९९४ मध्ये ५० लाख पौंडांना ख्रिस सटन आला. संघात कर्णधार टिम शेरवूड, बचावात कॉलिन हेंड्री. एकीकडे ईवुड पार्कच्या तीन बाजू पाडून नवे स्टँड उभे राहत होते. सुमारे लाखभर वस्तीच्या गावात ३१ हजार आसनांचे मैदान तयार झाले. ब्रॉकहॉल इथे सरावाचे नवे केंद्र बांधले गेले.

१४ मे १९९५. मोसमाचा शेवटचा दिवस. ब्लॅकबर्नचा सामना लिव्हरपूलच्या मैदानावर, तर दुसऱ्या क्रमांकावरचा मँचेस्टर युनायटेड लंडनमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध. शिअररने पहिला गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत जेमी रेडनॅपच्या फ्री किकने ब्लॅकबर्नला हरवले. पण तिकडे युनायटेडला १-१ अशा बरोबरीपलीकडे जाता आले नाही. ८९ विरुद्ध ८८. एका गुणाने, ८१ वर्षांनी, विजेतेपद गिरणगावात परतले. वॉकर यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होते.

वॉकर यांनी विजेतेपद विकत घेतले, अशी टीका तेव्हा झाली आणि आजही होते. ती निखालस खोटी म्हणता येणार नाही. त्यांच्या पैशाविना हे घडले नसते. पण पैसा ओतणारे त्यांच्या आधीही होते आणि नंतर तर रांगच लागली. वॉकर यांचे वेगळेपण पैशाच्या आकड्यात नव्हते. क्लब हा त्यांच्यासाठी धंदा नव्हता, नावाची जाहिरातही नव्हती. कोणत्या माणसाला कोणते काम द्यावे, हे पोलादाच्या धंद्यात शिकलेले शहाणपण त्यांनी इथे वापरले : फुटबॉल कळणारा माणूस नेमला आणि खेळाचे निर्णय त्याच्यावर सोपवले. पैशाचा मोठा वाटा दगड-विटांत, आसनांत, सरावाच्या मैदानांत गेला. खेळाडू येतात आणि जातात; शिअररही १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांना, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला, न्यूकॅसलकडे गेला. स्टँड मात्र गावातच राहिले.

उतारही आला. विजेतेपदानंतर डाल्ग्लिश यांनी मॅनेजरपद सोडून वरचे पद घेतले आणि संघाची घडी विस्कटू लागली. १९९९ मध्ये, विजयानंतर अवघ्या चार वर्षांनी, ब्लॅकबर्न खालच्या श्रेणीत घसरला. वॉकर मागे हटले नाहीत. १७ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा संघ अजून दुसऱ्या श्रेणीतच होता. पुढच्या वर्षी तो वर आला आणि २००२ मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग चषक जिंकला. ईवुड पार्कच्या बाहेर वॉकर यांचा पुतळा उभा आहे.

या जातीचा मालक मराठी मुलखाला अनोळखी नाही. शेजारच्या गोव्यात फुटबॉलचे मोठे क्लब खाणमालकांनी उभे केले. वासुदेव महादेव साळगावकर यांनी १९५६ मध्ये, गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, वास्कोत क्लब काढला. खाणीतला लोहखनिजाचा पैसा गावच्या मैदानात आला. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक, जो पुढे भारताचा कर्णधार झाला, याच संघात दीर्घ काळ खेळला. १९९८-९९ मध्ये साळगावकर संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. गोव्याच्या क्लबाने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. २०१०-११ मध्ये त्यांनी आय-लीग जिंकली. धेंपो घराण्याचा क्लब तर त्याहून अधिक वेळा विजेता ठरला. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले आणि या क्लबांमागच्या उद्योगाचाच कणा दुखावला. पुढे देशातल्या लीगची रचना बदलून आय-लीग दुय्यम ठरवली जाणार असे दिसताच २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. ज्या राज्यात गावोगाव फुटबॉल खेळला जातो त्या राज्याचे हे नुकसान अजून भरून निघालेले नाही. धेंपो अलीकडे पुन्हा राष्ट्रीय पातळीवर परतला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

ब्लॅकबर्न काय, गोवा काय, एक गोष्ट दिसते : मालक जवळचा असेल, तर पाठीराख्याला त्याला दोष देता येतो, त्याच्या दारात जाता येते. मालक दूर गेला की दोघांमधला हा धागा तुटतो.

ब्लॅकबर्नचे पुढचे मालक साडेसात हजार किलोमीटरवर होते. व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योगसमूह पुण्याचा. त्याचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव हेही जॅक वॉकर यांच्याच पठडीतले, स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९७१ मध्ये त्यांनी हॅचरीचा उद्योग सुरू केला. चांगल्या जातीचे पिल्लू, त्याचे खाद्य, त्याची लस, सगळे एका छताखाली आणले. पण त्यांचे सर्वांत मोठे काम कंपनीबाहेरचे आहे. अंड्याचा भाव व्यापारी ठरवत आणि शेतकऱ्याला अनेकदा उत्पादनखर्चही सुटत नसे. राव देशभर हिंडले, कुक्कुटपालक शेतकऱ्यांच्या सभा घेतल्या आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजेच एनईसीसी, उभी राहिली. अंड्याचा भाव उत्पादकाने जाहीर करायचा, ही तिची कल्पना. आज वर्तमानपत्रात येणारा अंड्यांचा दर आणि एका पिढीला तोंडपाठ असलेली रोज अंडी खाण्याची दूरदर्शनवरची जाहिरात, दोन्ही तिचीच देणगी. १९९० मध्ये राव यांना पद्मश्री मिळाली, १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुणे-बंगळूर महामार्गाजवळ केतकावळे इथले प्रतिबालाजी मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या समूहाचे आणखी एक काम पाहिले आहे.

राव यांच्या मुलीने आणि मुलांनी, म्हणजे अनुराधा देसाई, व्यंकटेश राव आणि बालाजी राव यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये वॉकर यांच्या न्यासाकडून ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबवरचे कर्ज. प्रीमियर लीगमधला क्लब घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. पुण्यात याचे कौतुक झाले आणि ते स्वाभाविक होते. ज्या गावाने एके काळी भारताला धोतरे विकली, त्या गावाच्या सर्वांत लाडक्या संस्थेवर आता पुण्याची मालकी आली होती. जगभर ‘वेंकीज’ हे नाव पोहोचवण्याचा हा मार्ग आहे, हे मालकांनी उघडपणे सांगितले होते. रोनाल्डिन्होसारखी नावे आणण्याच्या चर्चाही झाल्या.

घोटाळा सुरुवातीलाच झाला. डिसेंबर २०१० मध्ये, मालकी घेतल्याला महिनाही झाला नसताना, अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढून टाकले. तेव्हा संघ १३ व्या क्रमांकावर, म्हणजे धोक्याबाहेर होता. त्यांच्या हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांना बढती मिळाली. वर्षानुवर्षे क्लब चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि व्यवस्थापकीय संचालक टॉम फिन काही महिन्यांत गेले. वॉकर यांनी जे पहिल्या दिवशी केले होते, म्हणजे फुटबॉल कळणाऱ्या माणसांच्या हाती खेळ सोपवणे, त्याच्या नेमके उलट इथे घडले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात आला, बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. त्या वेळी ब्लॅकबर्नमध्ये मॅनेजर आणि मालकांविरुद्ध निदर्शने चालू होती.

७ मे २०१२ रोजी ईवुड पार्कवर विगनकडून ०-१ असा पराभव झाला आणि अकरा वर्षे वरच्या श्रेणीत टिकलेला ब्लॅकबर्न खाली गेला. सामन्यादरम्यान प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. राव यांनी आयुष्यभर ज्या पक्ष्याच्या बळावर हजारो शेतकऱ्यांना उभे केले, तोच पक्षी इंग्लंडमध्ये त्यांच्या वारसांवरच्या रागाची खूण बनला, हे पुण्याच्या वाचकाला बोचावे असेच आहे.

त्यानंतरच्या एका मोसमात मॅनेजरांची जी ये-जा झाली तिला तोड नाही. हेनिंग बर्ग ५७ दिवस, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. आणि इथे कुवेतची गोष्ट येऊन मिळते. नॉटिंगहॅममध्ये त्याच हिवाळ्यात फवाझ अल-हसावी यांनी २६ डिसेंबर २०१२ रोजी, संघाने लीड्सवर ४-२ असा विजय मिळवला त्या दिवशीच, मॅनेजर शॉन ओड्रिस्कॉल यांना घरी पाठवले. त्यांच्या जागी आलेले अ‍ॅलेक्स मॅक्लीश जेमतेम चाळीस दिवस टिकले.

अल-हसावी यांच्याबद्दल एक मात्र सांगायला हवे. ते सामन्यांना येत, पाठीराख्यांशी समाजमाध्यमांवर थेट बोलत आणि सुरुवातीला लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते. हौस खरी होती. पण कुवेतमध्ये क्लबचा अध्यक्ष असणे आणि इंग्लंडमध्ये क्लबचा मालक असणे यांत मोठे अंतर आहे. तिथे खर्चामागे सरकार उभे असते, इथे प्रत्येक पगार आणि प्रत्येक कर मालकाच्या खिशातून जातो. फॉरेस्टवर करखात्याची देणी थकल्याबद्दल न्यायालयात अर्ज होण्यापर्यंत वेळ आली.

या श्रेणीचे अर्थकारणच तसे आहे. प्रीमियर लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांतून येणारा पैसा प्रचंड, तर एक पायरी खाली तो अगदी तुटपुंजा. वर जाण्याच्या आशेने क्लब उत्पन्नाहून अधिक पगार देतात आणि दरवर्षीची तूट मालक भरून काढतो. या तुटीवर लीगने मर्यादा घातली. ती ओलांडल्याबद्दल २०१५ च्या सुरुवातीला तीन क्लबांवर खेळाडू खरेदीची बंदी आली : लीड्स, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न. पुणे आणि कुवेत एकाच यादीत.

मग आला ७ मे २०१७, विगनकडून झालेल्या त्या पराभवाला बरोबर पाच वर्षे झाली तो दिवस. शेवटच्या फेरीत फॉरेस्टने इप्सविचला ३-० असे हरवले, ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्डला त्यांच्या मैदानावर ३-१ असे हरवले. दोघांचेही ५१ गुण झाले. गोलफरकात फॉरेस्ट उणे १०, ब्लॅकबर्न उणे १२. दोन गोलांच्या फरकाने कुवेतचा क्लब वाचला आणि पुण्याचा क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ. त्याच महिन्यात अल-हसावी यांनी फॉरेस्ट ग्रीसचे जहाज उद्योजक इव्हँजेलोस मारिनाकिस यांना विकला आणि २०२२ मध्ये तो क्लब २३ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला.

पुण्याच्या मालकांनी मात्र क्लब सोडला नाही. आणि इथे त्यांच्या बाजूने जे बोलायचे ते बोलले पाहिजे. टोनी मोब्रे या अनुभवी मॅनेजरवर त्यांनी विश्वास टाकला, तो पाच वर्षे टिकवला आणि २०१८ मध्ये ब्लॅकबर्न लगेच दुसऱ्या श्रेणीत परतला. दरवर्षीची तूट ते भरत राहिले. आजवर क्लबात ओतलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या वर गेली आहे. शहाणपण उशिरा आले, पण आले. २०२२-२३ मध्ये संघाचे बढतीच्या लढती खेळण्याचे स्वप्न केवळ गोलफरकाने हुकले. त्यानंतर भारतातून इंग्लंडला पैसे पाठवणेच अवघड झाले. सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाकडे परवानगी मागावी लागली. एका गिरणगावच्या संघाचा नवा खेळाडू येणार की नाही, हे दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून राहू लागले. ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांनी दिल्लीतल्या त्या सुनावण्यांच्या बातम्या सामन्यांच्या निकालांइतक्याच बारकाईने वाचल्या.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉल कारभाराचा कायदा मंजूर केला. आता क्लबांवर स्वतंत्र नियामक असेल. नव्या मालकाचा पैसा कुठून येतो आणि तो क्लब चालवायला लायक आहे का, हे तो तपासेल. मैदान विकण्याआधी परवानगी लागेल आणि महत्त्वाच्या बाबतींत पाठीराख्यांचे म्हणणे ऐकून घेणे क्लबांना बंधनकारक होईल. क्लबची मालकी एकाच माणसाकडे राहील, पण त्याला गावाला विचारावे लागेल, असा हा मधला मार्ग आहे. जॅक वॉकर यांना त्यासाठी कायद्याची गरज पडली नव्हती. त्यांना जाब विचारणारी माणसे लहानपणापासून त्यांच्याच स्टँडमध्ये उभी होती.